न दिलेली तिथी

श्रीगजाननाला आणि कुलस्वामिनीला वंदन करून, पितृपक्षाच्या आजच्या पहिल्या दिवशी, तर्पण आटोपून हे लिहावयास बसलो आहे. आयुष्य पोथ्यांत गेले, तरी एक क्रोध शमलेला नाही. आणि त्यातला मोठा वाटा माझ्या स्वतःवरचा आहे.

चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची औषधे मोफत मिळू लागली, त्या काळातली ही गोष्ट. रेल्वेच्या कारखान्यात नोकरी करणारा एक चाळिशीचा गृहस्थ शहरातल्या माम्बळम भागातल्या आमच्या घरी आला. त्याच्या कुटुंबाचे पौरोहित्य माझ्याकडेच होते.

“गुरुजी, जिवंतपणी स्वतःचं श्राद्ध करता येतं म्हणे?”

“येतं तर! जीवच्छ्राद्ध म्हणतात त्याला.”

असे विचारणारा यजमान मला उभ्या जन्मात भेटला नव्हता. मी हरखलो. पोथी काढली, विधी समजावला, साहित्यही सांगू लागलो.

“लवकरची तिथी द्या,” तो म्हणाला. मी पंचांग उघडून कृष्ण त्रयोदशीवर बोट ठेवले.

कॉफी घेऊन आलेली माझी पत्नी दारातच थांबली. “अहो, तिथी कसली देताय? त्याला घाई का झालीय, ते आधी विचारा!” मग तीच त्याच्यासमोर बसली. “बाळा, जीव द्यायचं मनात आहे का तुझ्या?”

तो ढसाढसा रडला. बऱ्याच वेळाने म्हणाला, “हो, काकू. डॉक्टर म्हणतात, गोळ्या घेतल्यास तर पुष्कळ जगशील. पण कशासाठी? ओसरीवरच्या पानासाठी?”

ते पान मी पाहिले होते. मागच्याच महिन्यात त्याच्या वडिलांच्या श्राद्धाला पुरोहित मीच होतो. थोरल्या भावाने याचा आजार कळताच याचे केळीचे पान पंक्तीतून उचलून ओसरीवर, चपलांशेजारी मांडले. मी पाहिले, आणि मंत्र पुढे म्हणत राहिलो. अन्नाला ब्रह्म म्हणणारी ही जीभ त्या क्षणी झडली का नाही?

मी पंचांग मिटले. “तिथी मिळणार नाही. आज इथेच राहायचं. उद्या सकाळी आपण दोघे रुग्णालयात जाऊ.”

तिथल्या समुपदेशक बाईंशी तो दोन तास बोलला. पुढे दर आठवड्याला जात राहिला. पहिला महिना आमच्याच घरी राहिला.

पुढल्या वर्षीच्या श्राद्धाला मी थोरल्याला बजावले, “याचं पान माझ्याशेजारी मांडा. नाहीतर संकल्प होणार नाही.”

“गुरुजी, घरात लेकरं आहेत!”

“पंक्तीला बसून त्याचा रोग लागत नाही. तुमचा मात्र लागतो. मला लागला होता.”

पान मांडले गेले. दोन पाहुणे न जेवता उठून गेले. जावोत!

अजूनही महिन्याच्या गोळ्या घेऊन परतताना तो डोकावतो. “गुरुजी, तिथी?”

“पंचांग हरवलंय रे.”

“काकूंनी लपवलं असेल,” म्हणत तो कॉफीला बसतो.

वाचकहो, कुणी अशी तिथी मागायला आला, तर आधी त्याच्याकडे पाहा आणि स्पष्ट विचारा. तुमच्या घरातल्या प्रत्येकाला पूर्ण आयुष्य लाभो, आणि तुमच्या पंक्तीतले एकही पान कधी उंबऱ्याबाहेर न जावो.