मास्तरांचं रिकामं खोकं

खून, दरोडे, दंगली यांची कागदपत्रं मी नोकरीत पोत्यांनी हाताळली. त्यातलं बरंचसं आता आठवत नाही, आणि आठवू नये असंच वाटतं. सोलापुरातली एक साधी घरचोरी मात्र अजून डोक्यातून जात नाही. त्या तपासात मी नको तेवढी अक्कल पाजळली आणि तोंडघशी पडलो, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण म्हणजे चोरीला गेलेली वस्तू.

सत्तरच्या दशकातली मधली वर्षं होती. मी शहरातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. सकाळची हजेरी आटोपून चहा सांगितला होता, तेवढ्यात साठी ओलांडलेले एक गृहस्थ फिर्याद द्यायला आले. एका गिरणीच्या सूतकताई खात्यातून ते निवृत्त झाले होते. गिरणीत सगळे त्यांना मास्तर म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो.

काय गेलं, असं ठाणे अंमलदार असलेल्या हवालदारांनी विचारलं. मास्तर म्हणाले, व्हॅक्यूम क्लीनर. हवालदार वयानं मोठे, अक्षर मोत्यासारखं, पण हा शब्द त्यांनी कधी ऐकला नव्हता. लेखणी थांबवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी एका विलायती मासिकात त्याचं चित्र पाहिलं होतं, तेवढ्या भांडवलावर 'धूळ ओढण्याचे यंत्र' असं लिहायला सांगितलं. मग किंमत विचारली, तर मास्तर म्हणाले की त्याची किंमत होत नाही. फिर्यादीत किमतीची जागा कोरी सोडता येत नाही. शेवटी 'जुने, किंमत ठरविणे आहे' असं लिहून आम्ही ती नड भागवली.

पंचनाम्याला घरी गेलो तेव्हा खरी करमणूक झाली. मास्तर एकटे राहत. घराच्या आतल्या खोलीत भिंतीलगत त्यांनी सहा व्हॅक्यूम क्लीनर ओळीनं मांडले होते आणि सातव्याची जागा मोकळी होती. एक घसरगाडीसारख्या पट्ट्यांवर उभा, लांबट आणि चकचकीत. एक चेंडूसारखा गोल, बिनचाकांचा. तो आपल्याच पोटातली हवा खाली सोडून जमिनीवर तरंगतो, असं मास्तर म्हणाले. माझा विश्वास बसेना, तेव्हा त्यांनी तो सुरू करून दाखवला आणि खरंच तो फरशीवर तरंगत सरकू लागला. माझ्याबरोबरचा शिपाई दोन पावलं मागे सरला.

जगात या यंत्रांचे शौकीन आहेत, ते एकमेकांना पत्रं लिहितात आणि एखाद्या यंत्रासाठी वर्षानुवर्षं झुरतात, ही माहिती मला त्या खोलीत मिळाली. सगळ्यांत जास्त ज्याच्यासाठी झुरतात, नेमकं तेच चोरीला गेलं होतं. ते विजेचं नव्हतं. घरोघर वीज येण्याआधीच्या काळातलं, लाकडी बैठकीचं, चामडी भात्याचं, हातानं चालवायचं. एकानं दांडा मागेपुढे करून भाता चालवायचा आणि दुसऱ्यानं पितळी तोंडाची नळी जमिनीवर फिरवायची. गिरणीचा गोरा मॅनेजर देश सोडून गेला तेव्हा त्याच्या बंगल्यातल्या सामानात ते मास्तरांना मिळालं होतं. अशा यंत्रांचे भाते उंदीर खातात आणि धुळीची पिशवी कुजते. यांच्याकडचं मात्र शाबूत होतं. पिशवीवर बनवणाऱ्याचा शाईचा शिक्का होता. मूळ लाकडी खोकं होतं, माहितीपुस्तिकासुद्धा होती.

कुलूप फोडलेलं नव्हतं. मास्तर आदल्या दिवशी अक्कलकोटला दर्शनाला गेले होते. घराच्या मागच्या दाराला बाहेरून नुसती कडी असे आणि खोलीची किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला. चोरानं किल्लीनं कुलूप उघडलं, एकच यंत्र नेलं आणि पुन्हा कुलूप लावलं. खोकं आणि पुस्तिका जागेवरच होती.

घरात केरवारे आणि भांडी करायला पूर्व भागातल्या एक बाई येत. तेलुगू बोलणाऱ्या विणकर कुटुंबातल्या, चाळिशीच्या. मी पोहोचलो तेव्हा त्या त्याच खोलीत केरसुणीनं झाडत होत्या. सहा व्हॅक्यूम क्लीनर भिंतीला टेकून उभे आणि मधे ही बाई केरसुणी घेऊन वाकलेली, याचं मला हसू आलं. मास्तर म्हणाले, ही यंत्रं वापरायची नसतात. बाईंनी मला पाणी आणून दिलं. त्यांच्या केसांत पांढरं काहीतरी अडकलं होतं.

आमच्या खात्याचा खाक्या असा की घरात चोरी झाली की आधी मोलकरणीला ठाण्यात आणायचं. हवालदारांनी तेच सुचवलं. मास्तरांनी बाईंची ग्वाही दिली. आणि मी स्वतःला हुशार समजत होतो. मी हवालदारांना म्हणालो, मोलकरीण चोरेल तर चकचकीत वस्तू चोरेल. सहा देखणी यंत्रं सोडून नेमकं जुनाट लाकूड उचलणारा माणूस जाणकारच असला पाहिजे.

जाणकार सापडायला दोन-तीन दिवस पुरले. मुंबईचे एक निवृत्त गृहस्थ आठवडाभर शहरातल्या एका लॉजवर उतरले होते. मास्तरांच्या घरी ते दोनदा येऊन गेले होते आणि किल्लीचा खिळा त्यांनी पाहिला होता. हे यंत्र मला द्या, अशी त्यांची पाच वर्षांची पत्रं मास्तरांकडे होती. लॉजवर त्यांची ट्रंक उघडली तर आत नळ्या, ब्रश, पट्टे आणि एका व्हॅक्यूम क्लीनरचं धड. कुर्डुवाडीच्या रेल्वे बंगल्यातून विकत घेतल्याची पावती त्यांनी दाखवली. पावती मी बाजूला ठेवली आणि त्यांना ठाण्यात आणून बसवलं.

दीड दिवस ते आमच्या बाकावर होते. मी उलटसुलट प्रश्न विचारले, आवाज चढवून पाहिला. त्यांना माझी भीती वाटत नव्हती. मला काही समजत नाही, याचं त्यांना वाईट वाटत होतं. कोणतं यंत्र दुर्मीळ आणि कोणतं नुसतंच जुनं, हे ते शिकवणीला बसल्यासारखं मला समजावत राहिले. हवालदारसुद्धा लिहायचं सोडून ऐकू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा तोच प्रश्न विचारला, तेव्हा त्यांनी उलट मलाच विचारलं.

"खोकं आणि पुस्तिका कुठं आहे म्हणालात?"

मी म्हणालो, तिथंच आहे.

"मग तो आमच्यातला नव्हे, साहेब. आमच्यातला माणूस एक वेळ यंत्र सोडेल, पण पुस्तिका सोडणार नाही. तुमच्या चोराला ते यंत्र चालवायचं आहे."

मला ते पटलं आणि पटल्याचा राग आला. वापरायलाच हवं होतं तर बटण दाबलं की चालणारी सहा होती. भाता हलवत बसायची हौस कोणाला असेल? हा विचार करत मी दुपारपर्यंत टेबलावर कागद इकडचे तिकडे केले.

दुपारी पूर्व भागातल्या गस्तीचा शिपाई आला. एका चहावाल्याकडून त्याला काहीतरी कळलं होतं. आमच्या धंद्यात खबर बहुधा अशीच येते, कोणी खबर म्हणून देत नाही. तो म्हणाला, "साहेब, त्या बोळात एका घरातनं रोज दुपारी भात्याचा आवाज येतोय म्हनं. लोहार तर कोनी न्हाय तितं. सगळी मागवाली मान्सं. लई वेळ चालतंय."

मी त्याला एकच विचारलं, त्या घरात लाईट आहे का? तो म्हणाला, अर्ध्या बोळात न्हाय.

बोळात शिरलो तेव्हा गिरणीचा दुपारचा भोंगा नुकताच झाला होता. घराघरातून हातमागाची खटखट चालू होती. एका घरात माग बंद होता आणि भाता चालत होता. दार उघडंच होतं. मास्तरांच्या कामवाल्या बाई दांडा मागेपुढे करत होत्या. त्यांचे यजमान, हाडांचा सापळा झालेला माणूस, तोंडाला फडकं बांधून मागाच्या खालून नळी फिरवत होते. मला पाहून बाईंनी दांडा सोडला. यजमानांना खोकला लागला, तो बराच वेळ थांबेना. तो थांबेपर्यंत मी गणवेशात तसाच दारात उभा होतो.

बाईंनी काहीही नाकारलं नाही. घर म्हणजे एकच खोली, त्यात माग, आणि सुताची धूळ चोवीस तास उडत असलेली. डॉक्टरांनी यजमानांना माग सोडायला सांगितलं होतं. ते जमणारं नव्हतं. मग निदान धूळ तरी उडू देऊ नका, असं ते म्हणाले. झाडलं की धूळ वर उठते. पाणी शिंपडावं तर खळ दिलेलं सूत चिकटतं आणि रंग उतरतो. पाहुणे आले की मास्तर हे यंत्र चालवून दाखवत आणि दांडा हलवायला बाईंनाच बोलावत. यातून धूळ उडत नाही, आतल्या आत जाते, हे त्यांनी तेव्हा पाहिलं होतं. मास्तर अक्कलकोटला गेले त्या दिवशी त्यांनी ते चादरीत गुंडाळलं आणि डोक्यावर घेऊन चालत घरी आणलं. पूर्व भागात डोक्यावर गाठोडं घेतलेल्या बाईकडे कोण बघतं? मास्तरांच्या घरासमोरच्या पानाच्या दुकानदारानं मला जबाबात सांगितलं होतं की त्या दिवशी रस्त्यानं वेगळं असं कोणी गेलं नाही. तो खोटं बोलला नव्हता.

"मागितलं का नाही?" मी विचारलं.

"वापरायचं नसतंय म्हन्ले होते मास्तर," बाई म्हणाल्या. "आणि हितं लाईट न्हाय, दुसरं नेऊन काय करू? चार दिस यांचा खोकला बसला की परत ठेवनार होते. खोकला बसना, मग ठेवायला हात हुईना."

मग त्यांनी फळीवरून एक घडी काढून माझ्या हातात दिली. यंत्राची मूळ पिशवी दुसऱ्याच दिवशी शिवणीत फाटली होती. बाईंनी ती स्वच्छ धुऊन, वाळवून जपून ठेवली होती आणि तिच्या मापानं चादरीच्या पट्टेरी कापडाची नवी पिशवी शिवून यंत्राला लावली होती. दुसऱ्याची वस्तू मळकी परत देऊ नये म्हणून धुतली, असं त्या म्हणाल्या. शाईचा शिक्का धुऊन गेला होता.

मुद्देमाल आणि बाई, दोन्ही ठाण्यात आले. यजमान बोळाच्या तोंडापर्यंत मागोमाग आले आणि दम लागून तिथंच बसले. चाकरानं मालकाच्या घरात केलेली चोरी, पुरावा पक्का, कबुली तयार. बाईंना शिक्षा झाली असती, कामं सुटली असती आणि घरात भाता हलवायलाही कोणी उरलं नसतं. मला हे सगळं दिसत होतं आणि माझ्या हातात फक्त कागद होते. वस्तूची किंमत थोडकी असेल, फिर्यादी तयार असेल, तर कोर्टाच्या परवानगीनं तडजोड होते, एवढी एकच वाट मला माहीत होती. आणि फिर्यादीत आम्ही लिहिलं होतं, 'किंमत ठरविणे आहे'.

ठरवू शकणारा माणूस सोलापुरात एकच होता आणि त्याला मी दीड दिवस बाकावर बसवलं होतं. मी त्यांची माफी मागितली. खात्यात राहून माफी मागण्याची सवय नसते, नीट जमली नाही. त्यांनी ती मधेच थांबवली आणि यंत्रापाशी गेले. धुतलेली पिशवी उलगडली तेव्हा त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी कोपऱ्यात उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिलं आणि किंमत कमी लिहिली तर काय होईल, असं मला हळूच विचारलं. मी सांगितलं. त्यांनी माझंच पेन घेऊन लिहून दिलं की मूळ पिशवी नष्ट झाल्याने हे यंत्र आता भंगाराच्या भावाचे आहे.

सही करून ते म्हणाले, "खोटं लिहिलेलं नाही. शिक्का गेला, किंमत गेली." ते खरं होतं की नाही, हे मला आजही माहीत नाही.

राहिले मास्तर. ते आले ते संतापूनच. बाईंकडे पाहिलंसुद्धा नाही. ओळख पटवण्यासाठी त्यांनी दांडा पाहिला, भाता पाहिला, मग पट्टेरी पिशवीची नाडी सोडून आत हात घातला. मूठभर पांढरी धूळ बाहेर आली. ती ते बोटांत चोळत राहिले, इतका वेळ की हवालदारांनी लिहायची लेखणी खाली ठेवली.

"तीस वर्षं खात्यात ही धूळ पाहिली," ते म्हणाले. "माणसं खोकून खोकून घरी बसली. म्हणून तर ही यंत्रं जमवायला लागलो. आणि मग त्यांच्यावर फडकी घालून बसलो."

मग ते पहिल्यांदा बाईंकडे वळले. "दांडा जड जातो का?"

"तेल लागतंय त्याला," बाई म्हणाल्या.

कोर्टानं तडजोडीला परवानगी दिली. मुंबईचे गृहस्थ पहिल्या गाडीनं परत गेले. माझ्या रोजनामच्यात प्रकरण चार ओळींत संपलं.

वर्षभरानं माझी बदली झाली, तेव्हा निरोप घ्यायला मास्तरांकडे गेलो. आतल्या खोलीत सहा यंत्रं होती आणि सातव्याच्या जागी ते मूळ लाकडी खोकं, त्यावर पुस्तिका. पुण्याहून कोणी शौकीन पाहुणे आले होते. त्यांनी मोठ्या आशेनं खोकं उघडलं, तर ते रिकामं. यंत्र कुठं आहे, असं त्यांनी विचारलं.

"कामावर गेलंय," मास्तर म्हणाले, आणि चहाचं बघायला आत गेले.

पुढं मी बऱ्याच चोऱ्या पाहिल्या. ही वस्तू कोणाला मोलाची वाटेल, असं आधी विचारायची माझी सवय त्या प्रकरणानं मोडली. ती वस्तू नसल्यामुळे कोणाचं अडतंय, हे मी आधी पाहू लागलो. पुष्कळदा तपास त्यामुळे लवकर लागला. पण माझी चूक तेवढीच नव्हती. पहिल्या दिवशी त्या बाईंनी मला पाणी दिलं, तेव्हा त्यांच्या केसांत सुताचे तंतू होते. ते मी पाहिले होते. तुमच्या घरी माग आहे का, एवढं विचारायला मला काहीच अडचण नव्हती. मी पाणी प्यालो आणि भांडं परत दिलं.