कार्डावरचं बोट

संगणकाचा डबा उघडण्याआधी तो त्याच्या पत्र्याला तळहात लावून क्षणभर थांबायचा. मुरबाडच्या त्याच्या दुकानात आलेल्यांना वाटायचं, यंत्राला नमस्कार करतोय. एका बाईने तर बघून स्वतःही हात जोडले.

"ताई, नमस्कार नाय तो. अंगातली वीज उतरवतो. पण तुमी जोडा हात, बिघडत नाय."

मूळचा किन्हवलीचा. शहापूर-मुरबाडकडच्या कितीतरी लग्नांचं शूटिंग त्याने केलं. पुढे लोक मोबाइलवर आपापलंच टिपू लागले, तेव्हा तो जुन्या टेपा संगणकात उतरवून देऊ लागला. "नवरदेवांना टक्कल पडलं," म्हणायचा, "टेप तरी शाबूत ठेवू."

मुलांनो, तुमच्या आजोबांचा आवाज एकाच टेपेत राहिला होता. नवा कॅमेरा घेतल्यावर हात बसावा म्हणून तो त्यांच्याबरोबर म्हसाच्या जत्रेत हिंडला होता, तेव्हाची. गेल्या पावसाळ्यानंतर मी कपाटातून ती काढली, तर कडेने पांढरी बुरशी. त्याने ती हलक्या हाताने पुसली.

"बाई, एकदा चालंल. दुसऱ्यांदाची गॅरंटी नाय."

अशी टेप त्याच्या त्याच जुन्या कॅमेऱ्यात चालते, आणि तो कॅमेरा संगणकाशी जोडायला एक छोटं हिरवं कार्ड लागतं. ते आत खाचेत उभं बसतं. त्या दिवशी संगणक सुरू झाला, पण त्याला कार्ड दिसेचना.

"बघू, काय बोलतो," म्हणत त्याने कार्ड काढलं, त्याची सोनेरी कड खोडरबराने घासली, कार्ड दुसऱ्या खाचेत बसवलं, स्क्रू आवळला. नाही. पुन्हा काढलं, बसवलं, आवळला. नाहीच.

"अरे, जरा हळू आवळ की," मी म्हटलं.

"बाई, आख्खा जन्म जीपमधून सामान नेलं. ढिलं ठेवायची सवय नाय हाताला." बोलता बोलता तो थबकला, वाकून आत बघू लागला. स्क्रू आवळला की कार्डाचं दुसरं टोक खाचेतून केसभर वर उठत होतं. "म्हंजे पाहुण्याला पाट मीच देतो नि मीच ओढतो," तो म्हणाला.

स्क्रू खिशात टाकून त्याने कार्ड नीट बसवलं. संगणक सुरू होताच पडद्यावर कार्डाचं नाव उमटलं. तरी त्याचा भरवसा बसेना. टेप जेवढी लांब, तेवढाच वेळ ती उतरायला लागतो. तो सगळा वेळ तो कार्डाच्या कडेवर बोट दाबून उकिडवा बसला. चहा निवला.

पडद्यावर तुमचे आजोबा खांद्यावर घोंगडी घेऊन दुकानदाराला विचारत होते, "ही एवढी टोचते, अंगावर घेऊ की दारात अंथरू?" मी पदर डोळ्यांना लावला. तो माझ्याकडे वळला नाही, कार्डाकडेच बघत राहिला.

या उन्हाळ्यात तो गेला. घरच्यांना भिंतीवर लावायला त्याचा फोटो सापडेना. उभा जन्म कॅमेऱ्यामागे काढलेला माणूस. शेवटी आधार कार्डावरचाच मोठा करून लावला.

तुम्हाला पाठवलेलं चित्रण बघाल, तेव्हा आवाज जरा वाढवा. आजोबा घोंगडीवरून वाद घालतात, तेव्हा मागे कुणीतरी हसतं आणि चित्र हलतं. तो आहे तो.