सांत्वनाचं पिठलं

एका जिवंत माणसाच्या घरी मी सांत्वनाला गेलो. नुसता गेलो नाही, पिठल्याचा डबा घेऊन गेलो.

शारजात येऊन आम्हाला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. हमरिया फ्री झोनमधल्या एका पाइपांच्या कंपनीत मी खरेदी बघायला लागलो होतो आणि ऑफिसात 'यल्ला' म्हटलं की उठायचं, 'हबीबी' म्हटलं की सावध व्हायचं, एवढं अरबी मला येत होतं. मला वाटायचं, पुरेसं आहे.

खरी अडचण मुलीची होती. अकरा वर्षांची. पुण्यात ती गप्प बसावी म्हणून आम्ही लाच द्यायचो. इथल्या शाळेत तिने दीड महिना एकटीने डबा खाल्ला. कशी आहेस विचारलं, की "आय ॲम फाइन." आमच्याशी मराठीत भांडणारी पोरगी इंग्रजीत फाइन झाली, तेव्हाच बायकोने ओळखलं की हे काही खरं नाही. "मला परत आजीकडे पाठवा," हेही एकदा इंग्रजीतच म्हणून झालं होतं.

मग तिच्या बाईंनी वर्गात जोड्या लावल्या. एक बाहेरून आलेली मुलगी, एक इथली. एकमेकींच्या घरी जायचं आणि तिथली एक रीत वर्गाला सांगायची. हिच्या वाट्याला जी इमिराती मुलगी आली, तिने पहिल्याच दिवशी हिच्या डब्यातल्या चारही चकल्या खाल्ल्या आणि उद्या आठ आण, म्हणून सांगितलं. त्या संध्याकाळी आमची मुलगी पाऊण तास मराठीत बोलली. बायको तर स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आली. आम्हाला दोघांना ती चकलीखाऊ मुलगी देवासारखी वाटायला लागली.

शुक्रवारी दुपारी ती आमच्याकडे यायची होती. मुलगी आंघोळीला गेलेली आणि माझा फोन वाजला. तीच होती.

"अंकल, टुडे नो प्रोजेक्ट. माय ग्रँडफादर, हॉस्पिटल, खलास! एव्हरीबडी कमिंग होम."

मागे बायकांचा मोठा कल्लोळ चाललेला. मी काय बोलणार? "व्हेरी सॅड, बेटा," म्हणालो. पलीकडून नुसतं "हं?" आणि फोन बंद. बिचारीला बोलवेना, असं मला वाटलं.

आता आपल्याकडे खलास म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. माणूस खलास झाला म्हटल्यावर आणखी काही विचारायचं उरत नाही. इथे मात्र काम आटोपलं, बिल भरलं, पोट भरलं, तरी खलासच. हे ऑफिसात मी रोज ऐकत होतो. पण माणसाची बुद्धी ऑफिसातून घरी आली की चपलांबरोबर बाहेर राहते.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "दुःखाच्या घरी आज चूल पेटणार नाही. काहीतरी करून न्या." तिने पिठलं टाकलं, भात लावला. तोवर मी ऑफिसातल्या रत्नागिरीच्या भाईजानना फोन केला. वीस वर्षं इथे काढलेला माणूस.

"भाईजान, इथल्या लोकांकडे कोणी गेलं तर काय म्हणायचं असतं?"

"'अज़्ज़म अल्लाह अज्रक' म्हणा. पण गेलं कोण?"

"मुलीच्या मैत्रिणीचे आजोबा."

"नक्की ना साहेब? का तुमचं नेहमीसारखं?"

हा प्रश्न मला लागला. मी फोन ठेवून पांढरा कुर्ता शोधायला लागलो.

गाडीत मुलीला सांगितलं, की आजोबा गेले. मैत्रिणीने काय शब्द वापरले, ते मात्र सांगितलं नाही. नाहीतर त्या पोरीने तिथेच मला गाडी वळवायला लावली असती. ती मांडीवर डबा धरून मुसमुसत होती आणि मी सिग्नलला सिग्नलला ते अरबी वाक्य घोकत होतो.

घरापुढे गाड्यांची रांग, दारात चपलांचा ढीग. म्हटलं, केवढा गोतावळा! दार मैत्रिणीच्या वडिलांनी उघडलं. उंचेपुरे, इथल्या पुरुषांच्या पायघोळ, पांढऱ्याशुभ्र कंदुऱ्यात. मी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला, मान खाली घातली आणि न अडखळता म्हणालो, "अज़्ज़म अल्लाह अज्रक."

त्यांचा चेहरा उतरला. हात सोडवून ते आत धावत सुटले.

मला वाटलं, दुःखाचा उमाळा. मी डबा सावरत मागोमाग गेलो. बैठकीच्या मोठ्या खोलीत पाहुणे दाटीवाटीने बसलेले, मधोमध मटण-भाताची परात आणि समोरच्या गादीवर, गुडघ्यांवर शाल घेतलेले एक आजोबा. वडील त्यांच्या खांद्याला हात लावून, वाकून त्यांचा श्वास बघत होते. आजोबा हातातल्या वाटीतल्या पांढुरक्या सूपकडे बघत कुरकुरत होते.

मैत्रीण पळत आली आणि माझ्या मुलीच्या गळ्यात पडली. मुलीने हळूच विचारलं, "हे कोण?"

"जद्दी! माय ग्रँडफादर. हॉस्पिटल खलास, फायनली!"

मुलीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तसं तिच्या आईनेसुद्धा मला कधी पाहिलेलं नाही.

"बाबा," ती दातांवर दात ठेवून म्हणाली, पण मराठीत, "तू काय ऐकलंस?"

घाबरलेला मराठी बाप जे करतो तेच मी केलं. "पाया पड," म्हणालो.

ती वाकली मात्र, आजोबांनी पाय चटकन शालीत ओढले. मैत्रिणीने तिला दंडाला धरून उभं केलं. "नो, नो. वाकायचं फक्त अल्लापुढे. जद्दींना इथे," म्हणत तिने आजोबांच्या कपाळावर ओठ टेकून दाखवले. माझ्या मुलीने मग तिला इंग्रजीत समजावलं, की आमच्यात पायाला हात लावला की मोठी माणसं डोक्यावर हात ठेवतात, त्या हातासाठी आम्ही वाकतो. मैत्रिणीने ते अरबीत सांगितलं. आजोबांनी विचार केला आणि हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला.

इथे थांबलो असतो तर निभावलं असतं. पण डबा माझ्या हातात होता आणि वास सुटला होता. आजोबांनी बोटाने खूण केली. मटण त्यांना डॉक्टरांनी बंद केलेलं. त्यांनी सूपची वाटी बाजूला सारली, पिठलं-भात कालवून पहिला घास घेतला, मग दुसरा, मग डबा स्वतःकडेच ओढला. आणि मैत्रिणीकरवी विचारलं, हे तुम्ही कधी करता?

"पाहुण्यांसाठी," मी इंग्रजीत घाईघाईने म्हणालो. "स्पेशल गेस्ट."

मुलगी माझ्याकडे बघत होती. मग मैत्रिणीकडे बघून इंग्रजीत म्हणाली, "खोटं आहे ते. रोजही करतो आम्ही. पण आज, कोणी वारलं की त्या घरी नेतात, म्हणून आणलंय. बाबांना वाटलं, तुझे जद्दी गेले. सॉरी."

मैत्रिणीचे डोळे मोठे झाले. ती एकदा आजोबांकडे, एकदा हिच्याकडे बघत होती. माझी मुलगी सरळ उभी होती, पण कुर्तीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत. सोमवारपासून पुन्हा एकटीचा डबा, हे तिने मनात धरलंच असणार. मी तर धरलं होतं. मैत्रिणीने अखेर भीत भीत अरबीत सांगून टाकलं.

आजोबांनी घास गिळला. त्यांचे खांदे हलायला लागले. मैत्रिणीचे वडील पाणी घेऊन धावले, पण आजोबा हसत होते. हसता हसता खोकले, डोळे पुसले, पाहुण्यांना काहीतरी सांगितलं, आणि अख्खी खोली माझ्याकडे बघून हसली. मग त्यांनी डब्याचा तळ भाताने पुसला आणि मैत्रिणीला एक लांबलचक वाक्य ऐकवलं. ती ओठ दाबून माझ्याकडे वळली.

"अंकल, जद्दी सेज, मुलीला हवं तेव्हा पाठवा, हे घर तिचं. तुम्ही गाडीतच बसत जा."