गेटसमोर गाडी लावू नये

आमच्या गेटवर एक पाटी आहे. ‘गेटसमोर गाडी लावू नये.’ पांढऱ्या पत्र्यावर लाल अक्षरं, मुद्दाम पेंटरकडून करून घेतलेली. ती लावली त्याच संध्याकाळी शेजारचे भाऊ कौतुकाने बघायला आले. त्यांनी ती मोठ्याने वाचली आणि म्हणाले, “भारी झाली पाटी, ताई. लोकं लय बेशिस्त झाले. कुठंबी गाड्या लावतेत.” हे बोलताना ते ज्या जीपला टेकून उभे होते ती त्यांचीच होती, आणि ती आमच्या गेटसमोर होती.

हा प्रसंग मी पुढे अनेकांना सांगितला. सगळे पोट धरून हसले. मला काही हसू आलं नाही, कारण मला दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी बाहेर काढायची होती.

आमची पाथर्डी फाट्याकडची रो-हाऊसची गल्ली. एक गाडी उभी असली की दुसरी अंग चोरून जाते. प्रत्येक घराला बांधतानाच गाडीपुरतं पोर्च दिलेलं होतं. भाऊंच्या पोर्चला मात्र गावाकडून पुतणे शिकायला आले तेव्हा भिंत घातली गेली आणि त्याची खोली झाली. पुतणे शिकून गेले, खोली राहिली, आणि गाड्या रस्त्यावर आल्या. भाऊ कांद्याचे व्यापारी. रोज लासलगावला लिलावाला जाणार. त्यांची एक जीप, एक पिकअप, दोन मोटारसायकली, शिवाय त्यांच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गाड्या. समोरच्या घरातले काका दारात लागलेल्या गाडीच्या चाकाची सरळ हवा सोडतात, त्यामुळे तिथे कुणी फिरकत नाही. आम्ही हवा सोडत नाही. म्हणून आमचं गेट.

माझा नवरा कंपनीत पाळ्यांमध्ये काम करतो, त्यामुळे सकाळी घरात असेलच असं नाही. मी गाडी चालवायला शिकले तीच मुळी सासूबाईंसाठी. त्यांच्या किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. तिथे प्रत्येकाची वेळ ठरलेली असते. तुम्ही उशिरा पोहोचलात तर तेवढा वेळ तुमचा कमी होतो, कारण तुमच्यानंतर त्याच मशीनवर दुसऱ्या कुणाचा तरी नंबर असतो. तो गेलेला वेळ मग दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या पायांवर दिसायचा. घोटे सुजायचे, चप्पल चढायची नाही, आणि दोन उशा लावूनही पाठ टेकली की धाप लागायची.

त्यांची सगळी नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला झाली. आयुष्यभर भोंग्यावर चाललेली बाई. डायलिसिसच्या दिवशी त्या भल्या पहाटे उठून, इस्त्रीची साडी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन व्हरांड्यातल्या खुर्चीत बसायच्या. पिशवीत शाल, बिस्किटं आणि फाइल. मी येऊन गेट उघडायचे आणि बघायचे, तर समोर जीपची काळी पाठ. त्या फक्त पिशवीचे बंद एकदा सोडून पुन्हा बांधायच्या. ते पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मग शेजारची बेल वाजवायची. भाऊ कधी चिडायचे नाहीत, हीच तर सगळी अडचण. चिडले असते तर भांडता आलं असतं. “अरे अरे अरे! सॉरी हां ताई. काढतो ना लगेच. दोनच मिनिटं. तवर चहा घ्या.” वहिनी तेवढ्यात कप घेऊन हजर. मी नको म्हटलं की त्या दुखावल्यासारख्या बघायच्या. किल्ली सापडायची नाही. कधी ती कालच्या शर्टात असायची, कधी तो शर्ट धुण्यात. शेवटी गाडी निघायची ती पुढे नाही, तर जेमतेम हातभर मागे. “बसते बघा ताई, आरामात निघते.” मी स्टिअरिंगवर बसले की गल्लीतले सगळे पुरुष आपापल्या दारात येऊन हात हलवायला लागायचे. येऊ द्या, येऊ द्या, लेफ्ट मारा, अजून मारा! एकाचं लेफ्ट ते दुसऱ्याचं राइट. एकदा एक जण तोंडाला ब्रशचा फेस तसाच ठेवून म्हणाला, “मी काढून देऊ का? लेडीजला अंदाज येत नाही.” अंदाज मला चांगला येत होता. मला जागा हवी होती.

एकदा मी स्पष्टच विचारलं, “भाऊ, आमच्याच दारात का लावता?” त्यांना प्रश्नच कळला नाही. म्हणाले, “मग कुनाच्या दारात लावू? परक्याच्या? तुमचं-आमचं काय वेगळं हाय का?” ते मनापासून बोलत होते. त्यांच्या लेखी आमच्या गेटसमोरची जीप म्हणजे घरोबा होता. त्याच घरोब्याने दर हंगामात आमच्याकडे कांद्याची गोणी यायची, निवडलेला, एकसारखा माल. आणि सासूबाईंना पहिल्यांदा धाप लागून त्या बेसिनपाशी कोसळल्या, तेव्हा त्यांना दोन्ही हातांवर उचलून त्याच जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं तेही भाऊंनीच. म्हणून मी पोलिसांचं नाव काढलं की सासूबाई हात वर करून थांबवायच्या. “ते नाही करायचं. उद्या कोण धावून येईल?” आणि नवरा म्हणायचा, “जाऊ दे गं.” हा ‘जाऊ दे’ ऐकला की मला त्यालाच गेटसमोर उभं करावंसं वाटायचं.

तरी जुन्या जीपच्या काळात एक सोय होती. आमच्या गल्लीची रीतच आहे तशी. दुसऱ्याच्या वाटेत गाडी लावायचीच झाली तर ती न्यूट्रलला ठेवायची, हँडब्रेक लावायचा नाही, चाकं सरळ ठेवायची. म्हणजे ज्याला अडचण होईल त्याने ढकलावी. बाहेरगावचे लोक हे बघून चकित होतात. भाऊ ही रीत कसोशीने पाळायचे. ते लासलगावला पिकअप घेऊन गेलेले असले तरी जीप ढकलता यायची. मी पदर खोचून मागून जोर लावायचे, दूधवाला थांबून हात द्यायचा, आणि सासूबाई व्हरांड्यातून “सावकाश गं, कंबर सांभाळ” म्हणायच्या. दुसऱ्याची गाडी रोज सकाळी ढकलणं यात काही चुकतंय, हेही मी हळूहळू विसरत चालले होते.

मग पाडव्याला भाऊंनी जीप देऊन नवी गाडी घेतली. मोठी, पांढरी, चकचकीत. वहिनी हळदीकुंकवाचं ताट घेऊन मला बोलवायला आल्या. “पहिला मान तुमचा, ताई. तुम्हीच ओवाळा.” गाडी कुठे उभी होती हे सांगायला नकोच. मी आमच्याच गेटसमोर उभी राहून बॉनेटवर स्वस्तिक काढलं, कुंकू लावलं, निरांजनाने ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पेढा खाताना भाऊ म्हणाले, “ऑटोमॅटिक हाय, ताई. गिअरची भानगडच नाय. ‘पार्क’ला टाकली की हत्ती आला तरी हलणार नाय.” मी पेढा गिळला आणि त्या वाक्याचा अर्थ मला तिथेच, तोंड गोड असताना कळला.

पुढच्याच आठवड्यात तो दिवस आला. डायलिसिसची सकाळ, सासूबाई खुर्चीत, गेटसमोर पांढरी गाडी, आणि शेजारच्या घराला कुलूप. फोन लावला. मागे सनई आणि आरडाओरडा. “ताई! घोटीला आलोय लग्नाला, पिकअपमधी. चावी? चावी माझ्याच खिशात हाय, काळजी करू नका, हारवली नाय.” मी गाडीला खांदा लावला. दूधवाल्याने लावला. ती खरंच हलली नाही. बॉनेटवरचं माझ्या हातचं कुंकू अजून तसंच होतं. मग मी मोठ्या रस्त्यापर्यंत धावत जाऊन रिक्षा आणली. पोहोचेपर्यंत तासभर गेला होता. दोन दिवस सासूबाईंच्या पायात चप्पल गेली नाही.

भाऊंनी परतून गाडी हलवल्यावर मी त्याच रागाच्या भरात आमची गाडी बाहेर काढली ती पुन्हा आत घेतलीच नाही. गल्लीच्या कोपऱ्यावर मेडिकलच्या दुकानापलीकडे कडुनिंब आहे, तिथे कुणाचं दार नाही. तिथे लावायला लागले. दारापर्यंत आणावी तर गल्लीत कुणाच्या तरी गाडीमागे पुन्हा अडकायची भीती. स्वतःचं पोर्च असताना गाडी रस्त्यावर, आणि सुजलेल्या पायांची बाई माझा हात धरून भर उन्हात तिथपर्यंत चालत. वाटेत एकदा ओट्यावर टेकून दम घ्यायच्या. गल्लीतले लोक म्हणायचे, “बरं झालं, आजींना तेवढाच व्यायाम.” 

मे महिन्यात एका संध्याकाळी भाऊ आले. अवघडून बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “ताई, एक विचारायचं होतं. तुमचं पोर्च आता रिकामंच असतंय ना. आमच्या नव्या गाडीला ऊन लय लागतंय. कलर जाईल. तर आत लावू का?”

माझ्या तोंडून जे निघालं असतं ते निघालं नाही हे बरंच झालं, कारण सासूबाईच आधी बोलल्या. “लाव की. पण मग मला डायलिसिसला तू न्यायचं. दर वेळी. तुझ्या गाडीतून.”

मला वाटलं, आता लिलाव, गिऱ्हाईक, काहीतरी निघेल. पण भाऊंचा चेहरा उजळला. “हे काय बोलणं झालं का, मावशी? हक्काने सांगायचं! लासलगावला उशिरा जाईन.” मला त्यांचा रागही धड पुरता येत नव्हता, आणि त्याचाच जास्त राग येत होता.

ठरल्या सकाळी ते आंघोळ करून, अत्तर लावून आले. सासूबाई पुढच्या सीटवर, मांडीवर पिशवी. मी मागे. एसी सुरू, डॅशबोर्डवरच्या गणपतीसमोर उदबत्ती. मी उतरून गेट उघडलं.

समोर एक अनोळखी पिकअप उभी होती. आडवी, आमच्या पाटीच्या अगदी खाली.

भाऊंनी हॉर्न दिला. मग हात काढलाच नाही हॉर्नवरून. खाली उतरले, पिकअपच्या काचेतून आत डोकावले, जोर लावून ढकलून पाहिली. “गिअरमधी टाकून गेलाय! न्यूट्रलला ठेवायची साधी रीत कळंना?” त्यांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला. “आरे, पेशंट हाय गाडीत! माणसाला दुसऱ्याच्या दारात गाडी लावताना काय वाटत नाय का?” एवढं लालबुंद झालेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग ते माझ्याकडे वळले आणि खऱ्या काकुळतीने म्हणाले, “ताई, तुम्ही हे रोज सहन कसं करता? बोलायला पायजे लोकांना! नुसती पाटी लावून काय व्हतंय?”

ती चेष्टा नव्हती. त्यांच्या मनात खरोखर दुसराच कुणी माणूस होता.

तेवढ्यात वहिनी गॅलरीतून ओरडल्या, “अहो, ओरडू नका! दाजींची हाय ती! मागल्या महिन्यात घेतली ती नवी. तुम्ही ताईंकडं गेलात तेवढ्यात आले. रामकुंडावर गेलेत, त्यांच्या चुलत्याच्या दहाव्याला. तिकडं गाडी लावायला जागा नाय म्हणून इथं लावली.”

भाऊंचा सगळा आवाज एकदम खाली बसला. बहिणीचा नवरा, घरचा जावई. त्यांनी पिकअपवरची धूळ तळहाताने पुसली. “दाजी व्हय. मग ठीके. मग येतीलच.” आणि माझ्याकडे पाहून, नेहमीच्या गोड चेहऱ्याने, “घरचंच माणूस हाय, ताई. चला, तवर चहा घेऊ.”

गाडीचा दरवाजा उघडला. सासूबाईंनी एक पाय बाहेर टाकला. “हात दे गं,” त्या मला म्हणाल्या. “आपली गाडी कोपऱ्यावर आहे ना?” भाऊ मागून “मावशी, मावशी” करत राहिले. पिकअप आणि गेटच्या खांबामध्ये जेमतेम एक माणूस जाईल एवढी फट होती. सासूबाई साडी सावरून त्यातून आडव्या होऊन बाहेर पडल्या. ओट्यावर त्या दिवशी दोनदा टेकावं लागलं.

आम्हाला उशीर झालाच. वेळ कापला गेलाच. नर्सने सुया काढल्या तेव्हा सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. नर्स म्हणाली, “आजी, पडून राहा थोडा वेळ. चक्कर येईल.” मीही म्हटलं, “आई, पडा. घाई काय आहे आता?”

दारात पुढच्या नंबरची बाई उभी होती. माझ्याहून लहान असेल. तिचा नवरा हातात फाइल घेऊन मागे उभा. दोघं नुसते बेडकडे बघत होते. तिनेही पिशवी पोटाशी धरली होती.

सासूबाई कोपरावर जोर देऊन उठायला लागल्या. मी खांदा धरून त्यांना खाली दाबलं, तर त्यांनी माझा हात झटकला.

“उठव मला,” त्या म्हणाल्या. “ती ताटकळलीय. माझ्या मागे तिचा वेळ कशाला जायचा?”