खंडेनवमीचं शटडाउन

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगते. मी लिनक्सवाली बाई. मशीनमध्ये काहीही घडलं की कुठल्या ना कुठल्या लॉगमध्ये त्याची नोंद सापडते, यावरच माझं पोट चालतं. ही नोंदही सापडली... पण प्रश्न सुटला नाही.

धाराशिवमधल्या एका खाजगी रक्तपेढीचा सर्व्हर मी सांभाळते. त्यात पेशंटचे जुने रिपोर्ट असतात. उदाहरणार्थ, नळदुर्गची सानिका. थॅलेसेमियामुळं तिला सारखं रक्त चढवावं लागतं. एका प्रकारचं रक्त तिला चालत नाही, पण चालत नाही हे नव्या तपासणीत आता दिसतच नाही. फक्त जुन्या रिपोर्टमध्ये आहे. तिची घरची फाइल कधीच हरवलीय. म्हणजे हा सर्व्हर गेला तर पोरीच्या जिवाशी खेळ.

सर्व्हर उभा केला शिंदे सरांनी. मला कामाला लावलं तेही त्यांनीच. गेल्या उन्हाळ्यात सर हार्टअटॅकनं गेले. त्यांचं लॉगिन मी लगेच लॉक केलं – नियम म्हणजे नियम. रडले नंतर, घरी जाऊन.

खंडेनवमीची दुपार. आमच्याकडं त्या दिवशी यंत्रांची पूजा असते. रक्ताचे फ्रीज सोडून सगळं बंद करायचं, हळद-कुंकू लावायचं, झेंडूची फुलं वाहायची. शिपाई तानाजीमामांनी सर्व्हरचा कीबोर्ड काढून, पुसून पाटावर मांडलाही होता. मी शेजारी लॅपटॉप घेऊन बसले आणि शटडाउनची कमांड दिली. काउंटरवरच्यांना हातातलं काम आवरता यावं म्हणून थोडा वेळ ठेवून.

लगेच ओळ आली – शटडाउन रद्द.

पुन्हा दिली. पुन्हा रद्द.

रद्द करायलाही कुणीतरी कमांड द्यावी लागते. म्हणून who मारलं. मशीनवर आत्ता कोणकोण आहे ते त्यात दिसतं. एक मी. दुसरं नाव – shinde, tty1. tty1 म्हणजे खुद्द मशीनच्या कीबोर्डसमोर बसलेला माणूस. आणि तो कीबोर्ड माझ्यासमोर पाटावर होता, वायर गुंडाळलेली, वर झेंडूची फुलं.

"ताई, करा की बंद," मामा म्हणाले. "चालू मशीनला कुंकू लावायचं व्हय?"

"मामा, ती ऐकतच नाही."

"मग ऱ्हाऊ द्या. तिचं बी मन आसंल."

मी हसले, पण who पुन्हा एकदा मारून पाहिलं.

पूजा चालू मशीनचीच झाली. रिकामं बसवेना म्हणून मी डिस्क तपासल्या... तर बॅकअपची डिस्क यादीतच नाही! नंतर कळलं, नवरात्राआधीच्या साफसफाईत ती कुणाच्या तरी हातून पडली होती, आणि त्यानं पुसून गुपचूप जागेवर ठेवून दिली होती. आपोआप बॅकअप घेणारी स्क्रिप्ट बिचारी त्या डिस्कच्याच नावाच्या फोल्डरमध्ये, म्हणजे मूळ डिस्कवरच, प्रती ठेवत बसली होती. आणि मूळ डिस्क वाचताना एररवर एरर येत होत्या.

बाहेर बाकावर सानिकाचे वडील बसले होते. "मॅडम, उद्या बाटली मिळंल न्हवं?" त्यांनी दारातून विचारलं.

मग सगळा डेटा लॅपटॉपवर ओढायला लावला. कॉपी अडखळत, थांबत चालली होती. संपली तेव्हा ऊन उतरलं होतं. who मध्ये आता मी एकटीच. शटडाउन दिलं, मशीन निमूट बंद झाली.

ती परत कधीच सुरू झाली नाही.

दसऱ्याच्या सकाळी सानिकाला योग्य रक्त चढलं. मी कॉपी केलेले लॉग उघडले. सरांचं लॉगिन त्यात आहे; पासवर्ड दिल्याची नोंद मात्र नाही. खातं कॉपीतही लॉकच. लॉगची फाइल खराब झाली असेल, असंही धरून पाहिलं. पण खराब फाइल शटडाउन रद्द करत नाही.

संध्याकाळी सोनं द्यायला सरांच्या घरी गेले. सांगावं की नको... शेवटी काकूंना सगळं सांगितलं.

"काय लिहिलं व्हतं का गं त्यांनी?" काकूंनी विचारलं.

"नाही काकू. नुसतं रद्द केलं."

"तसंच करायचे. एकदा बी रागावले न्हाईत. माझं काय चुकाय लागलं की गुमान हातातलं काम काढून घ्यायचे." काकूंनी पदरानं डोळे टिपले. "म्हंजी तुझ्याजवळच बसले व्हते म्हण की."



"हो काकू," मी म्हणाले. "अगदी शेजारी."