पत्रिका जुळत नाही

गेल्या रविवारी दुपारी आई आणि मी पापडी सोलत बसलो होतो आणि टीव्हीवर तो सिनेमा लागला. परदेशातल्या कुठल्याशा शहरातली कॉफीच्या दुकानात काम करणारी मुलगी. परीच्या शापाने तिचा अर्धा चेहरा झाडाच्या सालीसारखा झालेला. ती स्कार्फ गुंडाळून हिंडते, गोंधळ घालते, प्रेमात पडते आणि शेवटी आरशासमोर उभी राहून म्हणते, मी अशी आहे आणि अशीच मला आवडते. त्याबरोबर साल गळून पडते आणि आतून नटी निघते. मी रिमोट उचलला तर आई म्हणाली, "राहू दे ने, चांगला वाटतोय." अकरा वर्षांपूर्वी मी हाच सिनेमा कुणाबरोबर पाहिला होता ते मी सांगितलं, तेव्हा मात्र तिचे हात थांबले.

माझ्या डाव्या गालावर जन्मापासून जांभळा डाग आहे, कानापासून थेट हनुवटीपर्यंत. आईने त्याचं शास्त्रच करून ठेवलं होतं. पाणीगेटच्या आमच्या घरी पाहुणे मला बघायला यायचे, तेव्हा माझी खुर्ची ठरलेली असायची, डावा गाल भिंतीकडे. गालावर फाउंडेशनचे दोन थर, त्यावर पावडर. पोह्यांचा ट्रेसुद्धा उजवीकडूनच फिरवायचा. मी इतकी तयार झाले होते, की कुणाच्या लग्नात जेवायला बसतानाही आपोआप कोपरा धरायचे.

अशा सहा घरांनी मला पाहिलं. थर चांगला बसला होता असं दर वेळी वाटायचं आणि दर वेळी चार दिवसांनी फोन यायचा, पत्रिका जुळत नाही. आता पत्रिका तर दोन्हीकडून आधीच जुळवून झालेली असते, त्याशिवाय पोहे होतच नाहीत. पण नकार द्यायची आमच्याकडे तीच रीत. दादाच्या वेळी आम्हीही दोन मुलींच्या घरी हेच कळवलं होतं, तेव्हा मला तोंड वर करून बोलायची सोय नाही.

सातवा मुलगा फतेगंजचा, पादरा गावाजवळच्या कारखान्यात इंजिनीअर. पोहे झाल्यावर दोन्ही आयांनी फारच पुढारलेपणा दाखवून आम्हाला सिनेमाला जायची परवानगी दिली. दुपारचा खेळ होता. मी त्याला माझ्या उजव्या बाजूला बसवलं, हे सांगायला नकोच. पडद्यावर त्या मुलीने पहिल्यांदा स्कार्फ सोडला तेव्हा मी रडले आणि मग फाउंडेशन ओघळलं असेल या धास्तीने पुढचा अर्धा सिनेमा मी नीट पाहिलाच नाही. शेवटी साल गळाली तेव्हा तो पुटपुटला, "हे काय! कशाला गाळली? चांगली तर होती."

मी बाथरूममध्ये गेले आणि हात धुवायच्या साबणाने तोंड धुतलं. निम्मा रंग ओढणीला लागला. याला फसवायचं नाही एवढंच डोक्यात होतं. बाहेर आले. त्याने पाहिलं. नजर चोरली नाही की मुद्दाम रोखूनही धरली नाही. "भूक लागली ने तुला?" म्हणाला. तोपर्यंत तो मला अहो-जाहो करत होता.

फतेगंजला जाऊन आम्ही भर उन्हात उभं राहून सेव उसळ खाल्ली. गाडीवाला तरीचा डाव उचलून म्हणाला, "बेन, तरी वधारे?" आणि माझ्या आधी हाच म्हणाला, "घाला, घाला." तो माझ्या डाव्या बाजूला उभा होता. नाकाडोळ्यांतून पाणी येईतो मी खाल्लं. त्या दिवसाएवढी सुखी मी पुन्हा झालेली नाही.

घरी आले तर आईने दारातच विचारलं, "तोंड धुऊन आलीस?" मी हो म्हटलं. ती खाली बसली. चौथ्या दिवशी म्हणाली, "त्यांचा फोन आला होता. पत्रिका जुळत नाही म्हणतात."

मी मनातल्या मनात त्याला इतक्या शिव्या घातल्या, की काही गुजरातीत घालाव्या लागल्या. त्याचा एक मेसेज आला होता, तो न वाचता पुसला आणि नंबर ब्लॉक केला. पुन्हा कुणासमोर ट्रे घेऊन गेले नाही. आणि त्यानंतर एक दिवसही मी उघड्या गालाने जिना उतरलेली नाही. ऑफिसातल्या कुणालाच माझा चेहरा माहीत नाही.

"त्यांचा फोन नव्हता आला," रविवारी आई पापडीकडे बघत म्हणाली. "मीच केला होता. तू धुतलेल्या तोंडाने आलीस, तेव्हाच मला वाटलं, संपलं. त्यांनी नाही म्हणायच्या आधी आपणच म्हटलं तर मान तरी राहील."

"त्याच्या आई काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, अहो, आम्ही होकार कळवायलाच फोन करणार होतो. मुलाने सिनेमाहून आल्या आल्या सांगितलं."

टीव्ही चालूच होता.

"मग तू लगेच हो का नाही म्हणालीस?" मी विचारलं. "मला खोटं का सांगितलंस?"

आई रडायला लागली. माझ्या गालासाठी जिने मुंबईपर्यंतचे डॉक्टर पालथे घातले, नवस केले, उपास धरले, ती माझी आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "एवढा चांगला, शिकलेला मुलगा तुझा गाल बघूनही हो म्हणतोय, म्हणजे त्याच्यातच काहीतरी खोट असणार, असं वाटलं गं मला."

सहा घरांनी मला नाकारलं, तेव्हा मला एवढं लागलं नव्हतं.