बुडालेल्या शेताच्या चारी दिशा

अकोल्याच्या तहसील कचेरीबाहेर एक म्हातारे गृहस्थ मोडी लिपीतले जुने कागद वाचून देत. मुलीच्या दाखल्यासाठी मला खापरपणजोबांच्या नोंदीतला एकच शब्द हवा होता, जातीचा. तो त्यांनी लगेच दाखवला. मी घाईनं कागद उचलायला गेलो, तर त्यांनी त्यावर हात ठेवला.

“एका शब्दासाठी आलात व्हय? माणूस हुता त्यो. सगळा ऐका.”

मग चष्मा पुसून ते चक्क उभे राहिले. शेताच्या हद्दी वाचताना ज्या दिशेचं नाव येई, तिकडं ते तोंड करत. पूर्वेस ओढा म्हणताना पूर्वेकडं, उत्तरेस जांभूळ म्हणताना उत्तरेकडं. बसून वाचलं की रान दिसत नाही, म्हणाले. नकळत मीही त्यांच्याबरोबर वळू लागलो.

“पण कागदातलं हे गाव तर धरणात गेलं,” मी म्हणालो.

“रान बुडालं. दिशा कशा बुडतील?”

त्याच धरणावर आम्ही दर पावसाळ्यात फोटो काढायला जातो. यंदा सगळे मोबाईलकडं बघत होते आणि मी पूर्वेकडं तोंड करून उभा होतो.

“बाबा, तिकडं पाण्यात काय आहे?” मुलीनं विचारलं.

“आपला ओढा,” मी म्हणालो.